धुराड्याचे तोंड : विटा, फरशी आणि इंग्रजी कादंबरी

इंग्रजी कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्याला पहिल्या काही पानांतच 'फायरप्लेस' हा शब्द अडवतो. 'शेकोटी' म्हणावे तर ती अंगणात किंवा शेताच्या बांधावर पेटते आणि सकाळी तिची राख उरते. 'चूल' म्हणावे तर तिच्यावर भाताचे आधण चढते. 'शेगडी' उचलून या खोलीतून त्या खोलीत नेता येते. भिंतीत बांधलेली, धूर वर नेणारी, दिवाणखान्याकडे तोंड करून बसलेली आणि जिच्याभोवती घरातल्या माणसांच्या खुर्च्या आपोआप वर्तुळात मांडल्या जातात अशी ही वस्तू आपल्याकडे महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणच्या साहेबी बंगल्यांपलीकडे फारशी आलीच नाही. त्यामुळे तिला मराठी नाव मिळाले नाही, आणि मी येथे 'फायरप्लेस' हाच शब्द वापरणार आहे. (जाता जाता नोंदवायला हरकत नाही की लॅटिनमध्ये 'फोकस' म्हणजे घरातली अग्नीची जागा. केप्लरने १६०४ मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात आणला. आज आपण ज्याला लक्ष केंद्रित करणे म्हणतो, त्याच्या मुळाशी अशी एक पेटती जागा आहे.)

या लेखाचा विषय संपूर्ण फायरप्लेस नाही, तिचे तोंड आहे. विटांचे जुने तोंड फरशीने किंवा दगडाने मढवून नवे करणे ही गोष्ट घरदुरुस्तीच्या सदरात मोडते असे वाटेल. परंतु ऑस्टिन, डिकन्स, किंग्जली यांच्या पानांवर ही दुरुस्ती कथानकाच्या ऐन मोक्याच्या जागी येते, आणि आमचे विद्यार्थी ती 'वर्णन' म्हणून ओलांडून जातात. परीक्षेच्या दृष्टीने त्यांचे काही चुकते असेही नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज जी वीट जुनाट वाटते ती एके काळी नवलाईची होती. विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने १५७७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या वर्णनात आपल्या गावातील म्हाताऱ्यांचे म्हणणे नोंदवले आहे. त्यांच्या हयातीत तीन गोष्टी विलक्षण बदलल्या होत्या : अंथरुणे, जेवणाची भांडी आणि धुराड्यांची संख्या. त्याआधी खोलीच्या मध्यावर आग पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. हॅरिसनची मल्लिनाथी अशी, की धुराने लाकूड कणखर होत असे आणि माणसेही. आता धुराडी वाढली तशा नाजूक लोकांच्या सर्दी-पडशाच्या तक्रारीही वाढल्या. घरात सुधारणा आली की प्रकृती बिघडते, ही तक्रार इतकी जुनी आहे. आपल्याकडे गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणणारी आजी याच कुळातली.

या पहिल्या धुराड्यांची तोंडे प्रशस्त असत, कारण त्यांत लाकडाचे ओंडके जळत. पुढे लाकूड महागले आणि दगडी कोळसा आला. कोळशाला एवढे मोठे तोंड नको असते. तो लहान जागेत, लोखंडी जाळीवर, खालून वारा मिळाला तर नीट जळतो. मोठ्या तोंडातून खोलीतली ऊब वर जाते आणि धूर मात्र उलटा खोलीत येतो. तेव्हा जुने तोंड लहान करणे, बाजू भरून काढणे आणि भरलेल्या जागेवर काहीतरी चढवणे ही इंधनबदलाने लादलेली गरज होती. शोभेचा विचार मागाहून आला. १६६२ ते १६८९ या काळात इंग्लंडात प्रत्येक फायरप्लेसमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता. चुलीची मोजदाद करायला सरकारी माणूस घरात शिरतो, याचा लोकांना मनस्वी राग होता. राज्यक्रांतीनंतर नव्या राजा-राणीने जे पहिले लोकप्रिय निर्णय घेतले त्यांत हा कर रद्द करणे होते.

आता फरशीकडे वळू. विटेवर काजळी धरते आणि ती विटेच्या छिद्रांत मुरते. ओल्या फडक्याने पुसून ती निघत नाही. चुन्याचा गिलावा केला तर तो उष्णतेने फुटतो. झिलईची फरशी मात्र पुसली की स्वच्छ, शिवाय ती उजेड आणि ऊब खोलीत परत टाकते. सतराव्या शतकात डच लोकांनी या साध्या सोयीचे एका कलेत रूपांतर केले. साधारण पाच इंच चौरस मातीची लादी भाजायची, शिशाच्या झिलईत कथिलाची राख मिसळून तिला दुधी पांढरा पृष्ठभाग द्यायचा आणि त्यावर कोबाल्टने निळे किंवा मँगनीजने जांभळे चित्र काढायचे. या फरश्यांना जगभर 'डेल्फ्ट' म्हणतात, पण त्यांतील बहुसंख्य रॉटरडॅम, हार्लिंगन, मक्कम अशा इतर गावी होत. त्यांवर जहाजे, मेंढपाळ, खेळणारी मुले यांची चित्रे असत, आणि बायबलमधले प्रसंगही असत. काही फरश्यांवर चित्राखाली अध्याय आणि वचनाचा क्रमांकही घातलेला असे. म्हणजे चित्र पाहावे, क्रमांक वाचावा, मग ग्रंथ उघडावा. आगीच्या दोन्ही बाजूंना अशा पन्नास-साठ फरश्या बसवल्या की भिंतीवर एक अख्खे पुस्तक उभे राही.

हे केवळ रूपक म्हणून मी लिहीत नाही. फिलिप डॉड्रिज (जन्म १७०२) हा पुढे नावाजलेला धर्मोपदेशक आणि स्तोत्रकार. त्याला वाचता येण्यापूर्वीच त्याच्या आईने फायरप्लेसच्या डच फरश्यांवरील चित्रे दाखवत जुन्या आणि नव्या करारातील कथा शिकवल्या, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. प्रॉटेस्टंट इंग्लंडने चर्चच्या भिंतीवरची चित्रे चुना फासून पुसून टाकली होती. ती चित्रे व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, घर मढवण्याच्या निमित्ताने, आईच्या मांडीपर्यंत परत आली. धर्माच्या इतिहासकारांनी या फरश्यांकडे आणखी लक्ष द्यायला हवे असे मला वाटते.

डिकन्सला हे सारे ठाऊक होते. 'अ ख्रिसमस कॅरोल' (१८४३) मध्ये स्क्रूज घरी येतो आणि एका क्षीण आगीपुढे बसतो. ती फायरप्लेस फार पूर्वी कोणा डच व्यापाऱ्याने बांधलेली आहे आणि तिच्याभोवती बायबलमधील प्रसंगांच्या फरश्या आहेत. केन आणि एबल आहेत, फेरोच्या मुली आहेत, शीबाची राणी आहे, देवदूत आणि प्रेषित आहेत. शेकडो आकृत्या आहेत, आणि तरी त्या साऱ्यांना गिळून मृत मार्लीचा चेहरा पुढे येतो. डिकन्स पुढे म्हणतो की त्या फरश्या कोऱ्या असत्या आणि स्क्रूजच्या मनातले त्यांवर उमटू शकले असते, तर प्रत्येकीवर मार्लीचेच डोके दिसले असते. या वाक्याचा नीट विचार करावा. स्क्रूजच्या घरात धर्मग्रंथ भिंतीवर उघडा आहे. त्याने तो मिळवलेला नाही, घराबरोबर तो त्याच्याकडे आला आहे. डॉड्रिजची आई ज्या फरश्यांवरून बोट फिरवत होती तशाच या फरश्या, पण येथे बोट फिरवणारे कोणी नाही. फरशी नूतन करण्याचा खर्च स्क्रूज कधीच करणार नाही, म्हणूनच ती शिल्लक आहे. कंजूषपणाने वारसा टिकतो, हा विनोद डिकन्सने न सांगता केला आहे.

मधल्या काळात फरशी स्वस्त झाली होती. लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ च्या जुलैत सहा तासांत बाराशेहून अधिक फरश्यांवर चित्रे छापून दाखवली आणि तसे प्रतिज्ञापत्र केले. तांब्याच्या किंवा लाकडी ठशावरून कागदावर, कागदावरून झिलईवर, अशी ती रीत. नंतर त्यांनी इसापच्या गोष्टी छापल्या, आणि लंडनच्या रंगभूमीवरील नट-नट्यांच्या भूमिकांतील चित्रेही. बायबलच्या जागी नट आले. दिवाणखान्यातल्या संभाषणाचा विषय बदलल्याचा याहून ठळक पुरावा शोधून सापडणार नाही.

मग दगड आला, आणि त्याच्याबरोबर एक शास्त्रज्ञ. बेंजामिन टॉम्सन हा मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मलेला गृहस्थ. अमेरिकन क्रांतीत तो इंग्रजांच्या बाजूने राहिला, पुढे बव्हेरियाच्या चाकरीत गेला आणि काउंट रम्फर्ड झाला. १७९६ मध्ये त्याने फायरप्लेसवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे साधे होते : जुन्या धुराड्याचा घसा फार रुंद आहे, तो सुमारे चार इंचांवर आणा. तोंड उथळ करा. दोन्ही बाजूंच्या भिंती काटकोनात न ठेवता मागच्या भिंतीशी १३५ अंशांच्या कोनात तिरक्या बांधा, म्हणजे ऊब खोलीकडे परावर्तित होईल. लोखंड टाळा. वीट किंवा दगड वापरा, आणि विटांवर गिलावा करून पांढरा चुना द्या, कारण काळा पृष्ठभाग उष्णता शोषून घेतो. त्याने यावर पेटंट घेतले नाही. कोणताही गवंडी थोड्या विटा आणि थोडा चुना घेऊन एका दिवसात जुनी फायरप्लेस 'रम्फर्ड' करू शकत होता. लंडनमध्ये या दुरुस्तीची लाट आली. १८०० साली गिलरेने व्यंगचित्र काढले, त्यात काउंट महाशय आपल्याच आगीकडे पाठ करून, कोटाचे सोगे उचलून शेकत उभे आहेत.

'नॉर्थँगर अ‍ॅबी' ही कादंबरी याच वर्षांतली. ऑस्टिनने ती १७९८-९९ च्या सुमारास लिहिली, १८०३ मध्ये ती दहा पौंडांना विकली गेली, प्रकाशकाने ती दाबून ठेवली, आणि ती प्रसिद्ध झाली लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात. कॅथरीन मोरलंड ही रॅडक्लिफच्या भयकथांवर पोसलेली मुलगी जनरल टिल्नीच्या मठवजा घरी येते. तिला हवे आहे अवाढव्य रुंदीचे, जड कोरीवकामाचे जुने धुराडे. तिला दिसते एक आटोपशीर 'रम्फर्ड', साध्या पण देखण्या संगमरवरी लाद्यांनी मढवलेले, आणि वर मांडलेली इंग्रजी चिनी मातीची सुबक भांडी. तिची निराशा होते आणि वाचक हसतो.

हे हसू बहुधा येथेच संपवले जाते. अद्भुताचा भ्रम विरुद्ध वास्तवाचे भान, अशी नोंद करून आपण पुढे जातो. मला मात्र हा संगमरवर अधिक महत्त्वाचा वाटतो. जनरल टिल्नी हा सुधारणांचा भोक्ता आहे. त्याच्या स्वयंपाकघरात नव्या पद्धतीच्या शेगड्या आहेत, त्याला देशी कारखान्यांच्या मालाचा अभिमान आहे, आणि ते सारे पाहुण्यांना दाखवण्याची त्याला हौस आहे. कॅथरीनला अशी शंका आली होती की या माणसाने आपल्या बायकोला मारले किंवा कोंडले असावे, आणि ती शंका हास्यास्पद ठरते. पण ही मुलगी आपण समजलो होतो तेवढी श्रीमंत नाही असे कळताच हाच माणूस तिला रविवारी सकाळी, सोबत नोकर न देता, सत्तर मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. भीतीचे कारण जुन्या काळोख्या धुराड्यात नव्हते. पांढऱ्या लाद्यांच्या उजळ खोलीत, नफा-तोट्याचा हिशेब करत, ते शेकत बसले होते. ऑस्टिनने दर्शनी भाग बदलला आणि भयकथा जागच्या जागी ठेवली. रम्फर्डचे नाव तिने उगाच घातलेले नाही.

रम्फर्डच्या निबंधातील एक तपशील साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये. घसा चार इंचांवर आणला तर धुराडे साफ करायला मूल वर चढणार कसे? या अडचणीची रम्फर्डला जाणीव होती. त्याने सुचवले की नवी मागची भिंत बांधताना एक जागा मोकळी सोडावी आणि ती फरशीने किंवा बेताच्या दगडाने झाकावी. सफाईच्या वेळी ती फरशी काढायची, पोर आत जाईल, मग ती पुन्हा बसवायची. फरशीचा एवढा काटेकोर उपयोग मी दुसरीकडे वाचलेला नाही. तो निर्दय मनुष्य नव्हता. म्युनिकमध्ये त्याने भिकाऱ्यांसाठी कामाची आणि जेवणाची व्यवस्था उभी केली होती. तरीही त्या आकृतीत मूल हे हवा, धूर, ऊब यांसारखेच जाण्यायेण्याचे एक माप आहे.

लंडनच्या अनेक धुराड्यांचा आतला मार्ग नऊ इंच बाय चौदा इंच असे. कोळशाच्या युगात तो अरुंद आणि वळणावळणाचा झाला होता. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना या कामाला लावण्यास मनाई केली, पण कायदा पाळवून घेणारे कोणी नव्हते. ब्लेकने या मुलांवर १७८९ आणि १७९४ अशा दोनदा कविता लिहिल्या, आणि त्या दोन कवितांमधील अंतर आपण वर्गात 'निरागसता' व 'अनुभव' या शीर्षकांखाली शिकवतो. चार्ल्स लॅमने १८२२ मध्ये त्यांच्यावर एक लाघवी निबंध लिहिला. तो निबंध मला पूर्वी फार आवडत असे. आता त्यातील लाघव जरा बोचते, कारण त्या पोरांच्या काळ्या चेहऱ्यातले पांढरे दात रस्त्यावरच्या वाटसरूला सुंदर दिसतात, धुराड्यात अडकलेल्या पोराला त्याचा काय उपयोग?

किंग्जलीच्या 'द वॉटर बेबीज' मध्ये (१८६३) हा सारा मामला एका प्रसंगात उलगडतो. टॉम हा सफाईचा पोऱ्या मोठ्या घराच्या धुराड्यांच्या चक्रव्यूहात वाट चुकतो आणि भलत्याच फायरप्लेसमधून खाली उतरतो. खोली पांढरीशुभ्र आहे. पडदे पांढरे, पलंग पांढरा, त्यावर निजलेली मुलगीही गोरीपान. धुण्यापुसण्याचे एवढे साहित्य मांडलेले पाहून त्याला प्रश्न पडतो की एवढे धुवायचे म्हणजे ही फार मळकी असली पाहिजे. मग कोपऱ्यात एक काळे, ओंगळ, फाटके पोर दिसते. तो त्याच्यावर उखडतो, आणि ते आरशातले प्रतिबिंब निघते. फायरप्लेसचे तोंड कितीही उजळ केले तरी त्याच्या मागच्या बाजूने कोणी तरी ये-जा करत होते. टॉम तिथून बाहेर आला हा त्या घराच्या दृष्टीने अपघात होता. पुस्तक आले आणि वर्षभरात, १८६४ मध्ये, नवा कायदा झाला. तोही कुचकामी ठरला. १८७५ साली केंब्रिजजवळ फुलबर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून मेला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ही प्रथा खऱ्या अर्थाने मोडली.

याच दशकांत काही कलावंत संगमरवराला कंटाळले होते. फिलिप वेबने विल्यम मॉरिससाठी १८५९-६० मध्ये बांधलेल्या 'रेड हाऊस' मध्ये लाल वीट उघडी ठेवली. तेथील एका विटांच्या फायरप्लेसवर कला चिरंतन आणि आयुष्य अल्प अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. वीट झाकणे म्हणजे खोटेपणा, असा या मंडळींचा सूर. पण हीच मंडळी हॉलंडमधून कोऱ्या पांढऱ्या फरश्या मागवून त्यांवर चित्रेही काढत होती. बर्न-जोन्सने १८६० च्या दशकात मायल्स बर्केट फॉस्टर या चित्रकाराच्या सरे परगण्यातील घरासाठी सिंड्रेला, निद्रिस्त राजकन्या, सुंदरी आणि पशू यांच्या कथा फायरप्लेसवरच्या फरशीपट्टांत रंगवण्यासाठी रचल्या. बायबल, मग नट, मग परीकथा! सिंड्रेलाची निवड तर विशेष बोलकी. जिचे नावच राखेवरून पडले ती राखेच्या वर, चकचकीत झिलईत येऊन बसली.

विल्यम डी मॉर्गन हा या वर्तुळातला सर्वांत विलक्षण माणूस. भट्टीचे प्रयोग करता करता त्याने फिट्झरॉय स्क्वेअरमधील राहत्या घराचे छप्पर जाळले आणि १८७२ मध्ये चेल्सीत बस्तान हलवले. काचेवरच्या रंगाची झळाळी पाहून त्याने धातूची चमक असलेल्या झिलईचा छडा लावला, आणि त्याच्या मोर, मासे, गलबते असलेल्या फरश्या असंख्य व्हिक्टोरियन फायरप्लेसच्या दोन्ही अंगांना बसल्या. पैसा मात्र टिकला नाही. १९०७ मध्ये कारखाना बंद पडला. पण त्याआधीच, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, त्याने 'जोसेफ व्हान्स' (१९०६) ही कादंबरी प्रसिद्ध केली होती आणि ती तुफान खपली. फरशीने जे दिले नाही ते कादंबरीने दिले. आज मात्र त्याच्या कादंबऱ्या कोणी वाचत नाही आणि फरश्या संग्रहालयांत आहेत.

विसाव्या शतकाचा भाग थोडक्यात सांगता येतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडातील मध्यमवर्गीय घरांत तयार साच्यातल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या, मातकट रंगाच्या फरशीच्या फायरप्लेस आल्या आणि त्यांनी डी मॉर्गनच्या पिढीचे काम उखडून टाकले किंवा झाकले. डिसेंबर १९४५ मध्ये ऑर्वेलने उघड्या आगीची बाजू घेणारा लेख लिहिला. ती घाण करते, इंधन नासते हे मान्य करून, कुटुंबाला एकत्र बसवते म्हणून ती हवी, असे त्याचे म्हणणे. सात वर्षांनी, डिसेंबर १९५२ मध्ये, त्याच आगींच्या धुराने लंडनमध्ये हजारो माणसे दगावली, आणि १९५६ च्या कायद्याने धुराचा कोळसा शहरांतून हद्दपार होऊ लागला. आग गेली, तोंड उरले. कोणी त्यावर पातळ फळी ठोकली, कोणी पुढे विजेची शेगडी ठेवली. नंतरच्या पिढीने 'मूळ स्वरूप' हवे म्हणून मधल्या काळातील मातकट फरशा फोडून काढल्या.

आता पुन्हा उलट वारे आहेत. जुनी लाल वीट खोली काळवंडून टाकते म्हणून तिच्यावर फरशी किंवा दगडाचा पातळ थर चढवला जातो. यातला एक फरक गवंड्याला कळतो, घरमालकाला सहसा कळत नाही. डच फरश्या मऊ चुन्यात बसवलेल्या असत. घर पाडताना पातळ पात्याने त्या अखंड निघत आणि दुसऱ्या घरात लागत. म्हणूनच सतराव्या शतकातली फरशी आजही सुटी विकत मिळते. आजच्या सिमेंटी लगद्याने चिकटवलेली फरशी काढू गेले तर विटेचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो. स्क्रूजच्या घरात पुढे राहायला आलेल्या कोणाला त्या फरश्या नको झाल्या असत्या, तर त्या काढून टोपलीत भरून बाजारात नेता आल्या असत्या, केन आणि एबल एकीकडे, शीबाची राणी दुसरीकडे.